चार मीटरांच्या आतले कुटुंब

कुटुंबासाठी नवी उंच, ऐसपैस गाडी येणार अशी कुणकुण लागली की आपल्याकडे तिच्या रंगरूपाआधी दोन गोष्टी विचारल्या जातात. चार मीटरच्या आत आहे का? आणि बेस मॉडेल कितीला पडेल? प्रश्न दोन दिसतात, पण गेली जवळजवळ वीस वर्षे ते एकमेकांत गुंतलेले आहेत. लांबी आणि इंजिन कळले की कराचा दर कळतो, आणि कराचा दर कळला की गाडी बाजारात यायच्या कितीतरी आधी लोक किमतीवर वाद घालू लागतात. हा वाद उथळ नाही. आयुष्यातली घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी करणारा माणूस सहा-सहा महिने थांबून राहतो, तो याच हिशेबासाठी. त्याच्या या हिशेबाचा इतिहास पाहिला तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. भारतातल्या कुटुंबाच्या गाडीचा आकार कुटुंबात माणसे किती, सामान किती, रस्ता कसा यावर ठरला नाही. तो अर्थसंकल्पातल्या एका मोजमापाने ठरला, आणि ते मोजमाप निवडण्यात चूक झाली होती. या इतिहासाचा मोठा भाग महाराष्ट्रात, पिंपरी, नाशिक, चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत घडला आहे, म्हणून तो इथल्या वाचकाने तरी तपशिलात पाहायला हवा.

गाडीची किंमत सरकारी निर्णयाने ठरण्याची सवय आपल्याला त्याही आधीपासूनची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनायची, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला अॅम्बॅसेडर. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या विक्रीच्या किमती थेट हुकमानेच बांधून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, चौकशी आयोग नेमला गेला, आणि एका मोटारीचा उत्पादनखर्च किती, त्यावर भांडवलाचा वाजवी परतावा किती, याचा कीस न्यायालयात पडला. ग्राहकाच्या हाती त्यातून काय आले? ठरलेली किंमत आणि वर्षानुवर्षांची वेटिंग. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती ४७,५०० रुपयांना. तिच्यासाठी लाखाहून अधिक लोकांनी गाडी पाहण्याआधीच पैसे भरले होते. पुढे टाटांनी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन पिंपरीत आणून बसवला आणि ३० डिसेंबर १९९८ ला इंडिका बाजारात आणली, सुरुवातीची किंमत २ लाख ५९ हजार. तिचीही नोंदणी लाखावर गेली. इंडिकाच्या वेळी आखणीची दिशा अजून माणसाकडून गाडीकडे जाणारी होती. बाहेरून मारुतीच्या झेनएवढी आणि आत अॅम्बॅसेडरसारखी जागा हवी, असे रतन टाटांनी उघड सांगितले होते. मागे तिघे बसणार, डिझेल परवडले पाहिजे, आणि किंमत मारुतीच्या आसपास हवी, एवढ्या अटींतून ती गाडी उभी राहिली. ती चार मीटरपेक्षा बरीच आखूड होती, पण कोणी तिला चार मीटरची पट्टी लावून कापले नव्हते.

ती पट्टी आली २००६ च्या अर्थसंकल्पात. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. भारत हे छोट्या, कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांचे जागतिक केंद्र व्हावे हा हेतू होता, आणि हेतूत काही खोट नव्हती. व्याख्या मात्र अशी झाली: लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. वजनाचा उल्लेख नाही, रुंदी-उंचीचा नाही, गाडी एका लिटरमध्ये किती धावते याचाही नाही. खरे तर इंधन वाचवणे हाच उद्देश होता, तर इंधन मोजायला हवे होते. त्याऐवजी टेपने मोजता येईल अशी गोष्ट निवडली गेली, कारण ती कारखान्याच्या दारात तपासायला सोपी. दोन वर्षांनी छोट्या गाड्यांचे शुल्क आणखी उतरून १२ टक्के झाले. मोठ्या गाड्यांचे २४ टक्क्यांच्या घरातच राहिले. ही दरी इतकी रुंद होती की तिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही कंपनीला शक्य नव्हते.

पहिली कात्री पुण्यातच चालली. टाटांची इंडिगो ही डिकीवाली गाडी ४,१५० मिलिमीटर लांब होती. २००८ च्या सुरुवातीला तिची इंडिगो सीएस आली, लांबी ३,९८८. पुढचा भाग तोच, आतली जागा जवळपास तीच, कापली गेली ती मागची डिकी. मग ही रीतच पडली. मारुतीची डिझायर आधी ४,१६० मिलिमीटरची होती, २०१२ मध्ये ती ३,९९५ ची झाली आणि तिची डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर आली. म्हणजे लग्नाला किंवा गावी निघालेल्या कुटुंबाची एक मोठी बॅग, शब्दशः, करापायी घरी राहिली. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये चाकणला अमेओ बनवली. ही गाडी जगात दुसरीकडे कुठेच नव्हती, खास भारतासाठी पोलोला डिकी जोडून ती तयार केली आणि तिची लांबीही ३,९९५. जर्मनीतल्या अभियंत्यांनी आपल्या करनियमासाठी वेगळे शरीर घडवावे, इतका त्या नियमाचा वचक. इंजिनांचेही तेच झाले. स्विफ्टचे १,२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन जाऊन १,१९७ सीसीचे आले, त्यामागे प्रदूषणाचे निकष होते तसा करही होता. ज्या संख्येच्या शेवटी ९५ किंवा ९७ आहे तिथे अभियंत्याने नव्हे, करसल्लागाराने रेघ मारली आहे असे खुशाल समजावे.

डिकी आखडली एवढ्यावर भागले असते तर मी हा विषय इतक्या तळमळीने मांडला नसता. खरी ओढाताण झाली ती मोठ्या कुटुंबाच्या गाडीची. आपल्याकडे आईवडील, दोन मुले आणि आजी-आजोबा असे सहा जण एकत्र निघणे ही रोजची गोष्ट आहे, आणि त्यांना तीन रांगांची गाडी लागते. महिंद्रची झायलो साडेचार मीटरची, आठ माणसे बसवणारी. सप्टेंबर २०१२ मध्ये नाशिकहून तिचीच कापलेली आवृत्ती आली, क्वांटो, लांबी ३,९८५, किंमत पावणेसहा लाखांच्या थोडी वर. मागच्या चाकापाशी गाडी जवळजवळ उभी छाटल्यासारखी दिसायची. स्पेअर चाक मागच्या दारावर टांगलेले, आणि त्या दाराच्या आत समोरासमोर दुमडणाऱ्या दोन छोट्या सीट. तिथे बसलेल्या माणसाचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्याला लागत आणि धडक झाली तर त्याच्यामागे दारापलीकडे काहीच नव्हते. २०१९ मध्ये रेनोने ट्रायबर आणली. तीही ३,९९० मिलिमीटरची, पण फार विचारपूर्वक केलेली: तिसऱ्या रांगेच्या सीट काढून घरी ठेवता येतात, मग डिकी ६२५ लिटरची होते. सातही सीट लावल्या तर उरतात ८४ लिटर. सात माणसांच्या प्रवासाला ८४ लिटर, म्हणजे दोन शाळेची दप्तरे आणि पाण्याचा कॅन. ट्रायबर घडवणाऱ्यांच्या कौशल्याला मी मनापासून दाद देतो, चार मीटरमध्ये याहून जास्त कोणी काढू शकला नसता. पण ज्यासाठी हे कौशल्य खर्चावे लागले तो प्रश्न रस्त्याने किंवा कुटुंबाने उभा केलेला नव्हता. एप्रिल २०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा आली ती ४,२६५ मिलिमीटर लांब, ५ लाख ८९ हजारांपासून. तिने कात्री नाकारली, जास्त कर भरला, आणि तरीही ती आजतागायत देशातल्या सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत आहे. मोठ्या कुटुंबाची गरज किती खरी होती याचा यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही. त्या गरजेची किंमत मात्र त्या कुटुंबानेच मोजली: सहा जणांना एका गाडीत नेणारा जास्त दराने कर भरतो, आणि त्याच सहा जणांना दोन छोट्या गाड्यांतून नेणारा दोन्हींवर कमी दराने. रस्त्यावर मात्र दुसरा आठ मीटर जागा अडवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो परवडण्याचा. ही सवलत नसती तर मध्यमवर्गाला गाडी घेताच आली नसती, मग तिला नावे का ठेवायची? सवलतीला मी नावे ठेवत नाही. कमी कर हवाच होता, आणि त्यामुळे लाखो घरांत पहिली गाडी आली हे मान्यच आहे. तक्रार आहे ती सवलतीच्या कसोटीबद्दल आणि तिच्या एका उडीत संपण्याबद्दल. चार हजार मिलिमीटरला एक दर, चार हजार एकला भलताच, मधली पायरी नाही. आयकरात आपण असे करत नाही. एका रुपयाने उत्पन्न वाढले म्हणून सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागत नाही. दुसरे म्हणणे असे की किंमत शेवटी कंपनीच ठरवते, कराचे निमित्त होते. याला आधार आहे. फोर्डची इकोस्पोर्ट जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली आणि जून २०१३ मध्ये विक्रीला आली. त्या दीड वर्षात तिच्या किमतीवर जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच कोणत्या गाडीवर झाली असेल. अखेर ती ५ लाख ५९ हजारांपासून निघाली, आणि गंमत नव्हे, खरेच, सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये दीड लिटरचे पेट्रोल इंजिन होते, जे सवलतीच्या १,२०० सीसीत बसत नव्हते. छोट्या इंजिनाचे इकोबूस्ट मॉडेल त्याहून महाग होते. म्हणजे कंपनीने मनावर घेतले तर करापलीकडे जाऊन किंमत खाली आणता येते. पण याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. पेट्रोलवर सवलत न मिळणाऱ्या त्या गाडीचेही अंग चार मीटरच्या आतच राहिले, कारण तिची डिझेल आणि इकोबूस्ट मॉडेल सवलतीत बसत होती आणि एका गाडीला दोन शरीरे परवडत नाहीत. मारुतीच्या ब्रेझाचे पुढे तसेच झाले: डिझेल इंजिन बंद होऊन २०२० मध्ये १,४६२ सीसीचे पेट्रोल आले, सवलत गेली, आणि ३,९९५ मिलिमीटरची लांबी तशीच राहिली. फायदा संपल्यावरही साचा उरतो, हे किमतीच्या पलीकडचे नुकसान आहे.

तिसरा आक्षेप शहरांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. दादर-गिरगावच्या गल्ल्या, पुण्यातल्या पेठा, पार्किंगची मारामार, अशा ठिकाणी आखूड गाड्यांना उत्तेजन देणे शहाणपणाचे नाही का? जपान नेमके हेच करतो ना? जपानच्या केई गाड्यांचा नियम १९४९ पासूनचा आहे आणि तो खरोखर यशस्वी झाला. पण तो नियम लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची दोन मीटर आणि इंजिन ६६० सीसी असा सगळीकडून बांधलेला आहे. आपण फक्त लांबी बांधली, तेव्हा गाड्या बाजूंनी आणि वर वाढल्या. रांजणगावात बनणारी टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये आली ती ३,९९४ मिलिमीटर लांब आणि १,८११ रुंद. त्या वेळची होंडा सिटी तिच्याहून जवळजवळ अर्धा मीटर लांब होती, पण रुंदीला ११ सेंटिमीटरहून अधिक कमी. पेठेतल्या बोळात समोरून रिक्षा आली तर अडचण रुंदीची होते. म्हणून शहराच्या कारणासाठी हा नियम आहे असे म्हणता येत नाही. याच जोडीला कोणी विचारेल की लांब स्टेशन वॅगन आपल्याकडे याच नियमाने मेल्या का? तसे म्हणणे चूक ठरेल. टाटा इस्टेट १९९२ ची, बलेनो अल्ट्यूरा आणि इंडिगो मरीनाही २००६ च्या आधीच्याच, आणि त्या तेव्हाही फारशा खपल्या नाहीत. लोकांना उंच बसायचे होते, खड्ड्यांवरून निर्धास्त जायचे होते. वॅगनचा वारसा उंच क्रॉसओव्हरकडे गेला तो ग्राहकांच्या पसंतीने. नियमाने एवढेच केले की तो वारसा आखूड करून दिला.

उंचीचीही पट्टी पुढे आलीच. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरचे शुल्क २७ वरून ३० टक्के झाले आणि एसयूव्ही म्हणजे १,५०० सीसीहून मोठे इंजिन, चार मीटरहून जास्त लांबी आणि १७० मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स असे ठरले. महिंद्रने चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ५०० चा ग्राउंड क्लिअरन्स २०० वरून १६० मिलिमीटरवर आणला. खड्ड्यांच्या देशात गाडी चार सेंटिमीटर खाली बसवली की कर कमी! जीएसटी आल्यावर सेसच्या रूपात हीच भांडणे चालू राहिली, आणि जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेला स्पष्ट करावे लागले की हा क्लिअरन्स गाडी रिकामी असताना मोजायचा, भरलेली असताना नव्हे. कर कोणता हा प्रश्न गाडीत माणसे बसवून मोजायचे की उतरवून, इथपर्यंत आला तेव्हा कसोटीच गैर होती हे मान्य करायला हरकत नव्हती.

माझ्या म्हणण्याला सर्वांत पक्का आधार एकाच गाडीच्या तीन जन्मांत मिळतो. कोरियाच्या सँगयाँगची टिव्होली ही जवळपास ४.२ मीटर लांबीची गाडी. तिच्या पायावर महिंद्रने नाशिकला एक्सयूव्ही ३०० बनवली, ती फेब्रुवारी २०१९ मध्ये ७ लाख ९० हजारांपासून आली, लांबी ३,९९५. दोन्ही चाकांमधले अंतर टिव्होलीइतकेच होते, कापले ते मागून, आणि डिकी अडीचशे लिटरच्या आसपास उरली. एवढ्या चांगल्या, सुरक्षिततेच्या चाचणीत पाच तारे मिळवलेल्या गाडीबद्दल खरेदीदारांची सगळ्यात ठळक तक्रार डिकीचीच होती. मग जानेवारी २०२३ मध्ये तिचीच विजेवरची आवृत्ती आली, एक्सयूव्ही ४००. विजेच्या गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याला लांबीची अट नाही. ही गाडी ४,२०० मिलिमीटरची निघाली, डिकी पावणेचारशे लिटरवर गेली. बॅटरीला जागा लागते म्हणून लांबी वाढली, असे कोणी म्हणेल तर चाकांमधले अंतर पाहावे: ते तेच २,६०० मिलिमीटर आहे. बॅटरी त्याच जागेत मावली, वाढलेली वीत चाकांच्या पलीकडे सामानाला मिळाली. पट्टी उचलताच गाडी आपल्या मूळ लांबीवर परतली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या सगळ्या गाड्यांचा कर उतरला, आणि त्याचे स्वागत योग्यच होते. पण जुना हिशेब शेजारी मांडून पाहावा. कारखान्यातून सहा लाखांना निघणारी पेट्रोल गाडी व्याख्येत बसली तर आधी सेससह २९ टक्के, म्हणजे १ लाख ७४ हजार कर लागे. दीड लिटरपर्यंतचे इंजिन असून ती चार मीटरबाहेर गेली तर ४५ टक्के, २ लाख ७० हजार. फरक ९६ हजारांचा. आता दर १८ आणि ४० झाले, कर १ लाख ८ हजार आणि २ लाख ४० हजार, फरक १ लाख ३२ हजारांचा. महाराष्ट्रात करासह किमतीवर आरटीओचा एकरकमी करही लागतो, पेट्रोलच्या दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के, त्यामुळे ऑन रोड हा फरक आणखी साडेचौदा हजारांनी वाढतो. म्हणजे दर कमी होताना दरी रुंदावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्कोडाने चाकणची कायलॅक ७ लाख ८९ हजारांपासून आणली तीही ३,९९५ मिलिमीटरचीच होती, आणि आताच्या दरांत यापुढच्या कोणत्याही कंपनीला वेगळे काही करण्याचे कारण उरलेले नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक मॉडेलचे वजन आणि कार्बन उत्सर्जन सरकारकडे मंजुरीच्या कागदांत आधीच नोंदलेले असते. २०१७-१८ पासून कंपन्यांच्या सरासरी इंधनवापराचे जे निकष लागू आहेत, ते त्याच आकड्यांवर चालतात. कर त्या उत्सर्जनाला जोडावा आणि सीटच्या संख्येने भागावा. दर १८ वरून ४० वर एका उडीत न नेता मध्ये दोन-तीन पायऱ्या ठेवाव्यात. तिसऱ्या रांगेच्या मागे किमान किती जागा असली पाहिजे हे सुरक्षिततेच्या नियमांत लिहावे, म्हणजे सात सीटची सवलत कागदापुरती घेता येणार नाही. असे झाले तर सव्वाचार मीटरची, सहा माणसे आणि त्यांचे सामान नीट नेणारी, लिटरला वीस किलोमीटर धावणारी गाडी मधल्या दरात बसेल. नाशिक आणि चाकणच्या कारखान्यांत ती बनवण्याचे ज्ञान आजही आहे.